आधीं लिहिणें, मग वाचणें

एकाद्या माणसास अक्षरओळख आहे किंवा नाहीं हें विचारावयाचें असलें म्हणजे आपण मराठींत "त्याला लिहितां वाचतां येतें काय?" असें विचारतों. इंग्रज माणूस हाच प्रश्न विचारतांना वाचनाचें नांव अगोदर घेतो व लेखनाचें मागाहून. शब्दांच्या या क्रमाला कोणी फारसें महत्त्व देणार नाहीं. बोलण्याची एक लकब म्हणून सोडून देईल. पण मराठी मुलुखांतील प्राथमिक शिक्षणाचा गेल्या दोनशें वर्षांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे ही लकब अगदींच निरर्थक नसावी असें वाटूं लागतें. आपल्याकडे हात आधीं शिकला, डोळा नंतर शिकला, आणि वाचलेल्याचा अर्थ लावणारें जें मन, त्याची पाळी तर फारच उशिरां आली. कित्येक वर्गांत ती अद्यापि यावयाची आहे.

श्रोतेहो, हा इतिहास सांगतांना मी नवी मुंबईचा परिसर डोळ्यांपुढें ठेवणार आहें. १९७० च्या मार्च महिन्यांत सिडको ही संस्था निघाली आणि ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस ठाणें, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनीवर नवें शहर वसविण्याचें काम सुरू झालें. आज जेथें वाशी, नेरूळ, खारघर यांच्या उंच इमारती दिसतात तेथें त्यापूर्वीं भाताचीं खाचरें, मिठागरें व कोळीवाडे होते, आणि वस्ती मुख्यतः आगरी व कोळी लोकांची. शहराचें वय साठ वर्षांच्या आंतलें आहे; त्याच्या पोटांतील बेलापूर, तुर्भें, घणसोली हीं गांवें मात्र जुनीं. तेथील मुलांच्या हातांत अक्षर केव्हां व कसें आलें, हें एका गांवाच्या दप्तरावरून सांगतां येण्याजोगें नाहीं. त्यासाठीं सगळ्या मुलुखाची हकीकत पाहावी लागते.

पेशवाई १८१८ सालीं बुडाली, आणि खाडीपलीकडचा हा टापू उत्तर कोंकणच्या कलेक्टराच्या ताब्यांत राहिला; त्याची कचेरी ठाण्यास असे. एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असतां १८२४ सालीं सरकारनें सर्व कलेक्टरांना पत्रें लिहून गांवोगांवच्या शाळांची माहिती मागविली. त्याच्या तीनच वर्षें आधीं कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं आपल्या टिपणांत अशा अर्थाचें लिहून ठेविलें होतें कीं, आपल्या मुलुखांत शाळा नाहीं असें गांव क्वचितच सांपडेल. या एका विधानावर पुढच्या इतिहासकारांनीं मोठमोठे इमले उभारले. पण १८२९ च्या सुमारास जी गणती हातीं आली तींत पंचेचाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या इलाख्यांत शाळा भरल्या त्या सतराशेंच्या आसपास. गांवें याच्या कितीतरी पट होतीं. तेव्हां प्रत्येक गांवीं शाळा होती हें म्हणणें जसें खरें नव्हे, तसेंच इंग्रजांच्या पूर्वीं येथें शाळाच नव्हती हेंहि खरें नव्हे.

या शाळा कशा होत्या हें आज डोळ्यांपुढें आणणें कठीण जातें. शाळेला स्वतःची इमारत नसे. देवळाची ओसरी, एकाद्या सावकाराच्या वाड्याची पडवी, नाहीं तर पंतोजीचें घर, हीच शाळा. पंतोजीला सरकारचा पगार नसे; मुलांच्या आईबापांकडून थोडे पैसे व थोडा शिधा मिळे, त्यावर त्याचा निर्वाह. इयत्ता नसत, परीक्षा नसत, आणि आपल्या दृष्टीनें सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे पुस्तकेंहि नसत. मूल प्रथम येऊन बसलें कीं लांकडी फळीवर धूळ पसरून पंतोजी तिच्यावर अक्षर काढून देई, आणि मुलानें त्याच रेघेवरून बोट किंवा काडी फिरवीत राहावें. यालाच गिरविणें म्हणत. धुळीवर हात बसला म्हणजे बोरू आणि शाई, मग समोर सुंदर अक्षरांचा नमुना ठेवून त्याबरहुकूम लिहावयाचें; तो नमुना म्हणजे कित्ता. आपण आजहि थोरांचा कित्ता गिरवितों. कोणत्याहि कामाच्या आरंभाला ओनामा म्हणतों. 'ॐ नमः सिद्धम्' या पहिल्या धड्याचें लहान मुलांच्या तोंडीं झालेलें तें रूप आहे. धुळीच्या पाट्या गेल्या, पण त्यांच्यावरची धूळ भाषेला अशी चिकटून राहिली आहे.

मुळाक्षरें झालीं कीं बाराखड्या, बाराखड्या झाल्या कीं जोडाक्षरें, आणि या सर्वांबरोबर ओरडून म्हणावयाचे पाढे. ते नुसत्या पूर्णांकांचे नव्हेत. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचेहि. शेवटीं मोडी पत्रें. कुलकर्ण्याचें दप्तर, सावकाराची वही, हुंडी, कर्जरोखा हीं लिहितां आलीं व समोर आलीं असतां लावतां आलीं कीं शिक्षण संपलें. पोथीचें वाचन हा निराळा प्रांत होता. पोथी बाळबोध लिपींत, म्हणजे आजच्या देवनागरींत असे, आणि ती वाचणारे थोडे, ऐकणारे फार.

मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपि आहे. डोक्यावरची रेघ ओळीच्या आरंभींच एका दमांत कागदभर ओढावयाची आणि मग बोरू होईल तितका न उचलतां तिच्या खालीं अक्षरें सोडीत जावयाचें. शब्द तोडावयाचे नाहींत, विरामचिन्हें नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाहीं. लिहिणारा भरधांव जातो. शब्द कोठें संपला आणि वाक्य कोठें संपलें हें वाचणाऱ्यानें आपल्या अनुभवानें ताडावें. मजकूर साधारण ठाऊक असेल त्याला मोडी चटकन लागते. सारा, कर्ज, खरेदीखत यांचे मजकूर ठरीव सांच्याचे असल्यामुळें काम भागत असे. परंतु अनोळखी विचार अनोळखी माणसापर्यंत पोंचविण्याच्या कामीं ही लिपि फारशी उपयोगी नव्हती, आणि त्या शाळांना तें काम करावयाचेंहि नव्हतें. त्या शाळा कारकून व हिशेबनीस तयार करीत, आणि तें काम त्या चोख करीत.

त्या ओसरीवर मुली नसत. महार व मांग यांचीं मुलें नसत. खाडीकांठचा आगरी किंवा कोळी मुलगा तेथें क्वचितच बसला असेल. सावकाराच्या वहींत ज्यांच्या नांवें रकमा पडत, त्यांना ती वही लावतां येत नव्हती. अक्षर येणें व न येणें यांतला फरक त्या काळीं असा रोकड होता.

येथें एका गंमतीच्या प्रवासाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. १७८९ सालीं मद्रासनजीक एग्मोर येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाची व्यवस्था अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. देशी शाळेंतील मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढीत असलेलीं त्यांनीं पाहिलीं. युक्ति स्वस्त व सोपी. त्यांनीं ती आपल्या शाळेंत आणली, थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याची तऱ्हा तिला जोडली, आणि १७९७ सालीं लंडन येथें त्यावर एक पुस्तक छापलें. जोसेफ लँकेस्टर यांनीं तशाच पद्धतीनें गरिबांच्या मोठमोठ्या शाळा चालविल्या. पुढें पंचवीसएक वर्षांनीं मुंबईंत नव्या शाळा काढण्याचा विचार सुरू झाला तेव्हां सुधारलेली विलायती पद्धति म्हणून आपल्याकडे आली ती हीच लँकेस्टरची पद्धति. साहेबाच्या बुटाला चिकटून गेलेली वाळू नवी कोरी होऊन परत आली, आणि तिचें स्वागतहि झालें!

तथापि मुंबईंत जें खरोखर नवें घडलें तें वाळूमुळें नव्हे, छापखान्यामुळें. १८२२ सालीं तेथें शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं एक मंडळी निघाली. १८२७ पासून ती बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊं लागली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे एक चिटणीस. देशी शाळांची पाहणी करून या मंडळीनें १८२३ सालीं चार उणिवा दाखविल्या: पुस्तकें नाहींत, शिकविण्याची सुलभ रीत नाहीं, तयार शिक्षक नाहींत आणि पैसा नाहीं. पहिली उणीव भरून काढण्याच्या कामीं सदाशिव काशीनाथ छत्रे यांनीं आपलें आयुष्य घातलें. त्यांचा 'बाळमित्र' आणि त्यांच्या इसापाच्या नीतिकथा हीं दोन्ही पुस्तकें १८२८ सालीं निघालीं. दोन्ही परभाषेंतून घेतलेलीं, आणि नीतिबोधाची गोळी दोहोंतहि होतीच; परंतु मराठी मुलाच्या हातांत आतां असें कांहीं पडलें कीं जें हिशेबासाठीं नव्हतें व पुण्यासाठींहि नव्हतें. पुढें काय झालें हें कळावें एवढ्याचसाठीं पान उलटावयाचें, ही गोष्ट ओसरीवरच्या शाळेला ठाऊक नव्हती.

छापलेलें पुस्तक वाचणाऱ्याच्या सोयीनें करावें लागतें. त्यासाठीं लिपि बाळबोध धरली गेली. मोडीचे खिळे पाडतां येत नव्हते असें मुळींच नाहीं. कॅरे यांचा मराठी कोश सेरामपूरला १८१० सालीं मोडींतच छापला होता. पण बाळबोध अक्षर सुटें, स्वच्छ व डोळ्याला सोपें. मेजर टॉमस कँडी यांनीं १८५० सालीं 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे खुणा मराठींत आणण्याची खटपट केली, आणि पुढें कित्येक वर्षें सरकारी क्रमिक पुस्तकांची भाषा त्यांच्या नजरेखालून जात असे. स्वल्पविराम ही क्षुल्लक वस्तु खरी; पण लिहिणाऱ्यानें वाचणाऱ्यासाठीं क्षणभर थांबावयाचें, ही नवी रीत तिच्याबरोबर आली. शिक्षक तयार करण्याचा पहिला वर्ग १८४५ सालीं मुंबईस बाळशास्त्री जांभेकर यांच्या देखरेखीखालीं उघडला. दुसऱ्याच वर्षीं मे महिन्यांत बाळशास्त्री वारले, आणि त्या कामाची मोठीच हानि झाली.

पुस्तक तयार होणें आणि तें सर्वांच्या हातीं पडणें यांत मात्र अंतर होतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा काढली व पुढें थोड्याच वर्षांत महारमांगांच्या मुलांसाठींहि शाळा उघडल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिचा जो भाग आपल्या विषयाशीं निगडित आहे त्याकडे तितकें लक्ष जात नाहीं. या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नांवाच्या मांग समाजांतील मुलीनें आपल्या समाजाच्या व महारांच्या दुःखाविषयीं एक निबंध लिहिला, आणि तो 'ज्ञानोदय' पत्रानें १८५५ सालीं दोन अंकांत छापला. तिनें उपस्थित केलेला प्रश्न पाहा. तो वाचण्याच्या अधिकाराविषयींचाच आहे. धर्माचे ग्रंथ पाहण्याचीहि ज्यांना बंदी, त्यांचा धर्म मग कोणता, असें ती विचारते.

लेखन या शब्दाचा अर्थच येथें बदलला. पंतोजीच्या शाळेंत वर्षानुवर्षें बोरू चालविणाऱ्या मुलानें स्वतःच्या मनांतलें एक तरी वाक्य कधीं कागदावर उतरविलें असेल कीं नाहीं याची मला शंका आहे. त्याचें अक्षर मोत्यासारखें असे, आणि मजकूर दुसऱ्याचा असे. मुक्ताचें हस्ताक्षर कसें होतें हें आपण पाहिलेलें नाहीं. तिचा मजकूर तिचा होता. मराठी प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासांत एकच तारीख पाठ करावयाची झाल्यास मी शाळा उघडल्याची तारीख न घेतां हें १८५५ साल घेईन.

जोतीरावांनीं १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर कमिशनपुढें जें निवेदन दिलें त्यांत बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. पण तीं पानें वाचतांना त्यांची व्यवहारदृष्टि अधिक लक्ष वेधून घेते. मुलांना मोडी व बाळबोध या दोन्ही लिपींत वाचतां लिहितां आलें पाहिजे, हिशेब आला पाहिजे, शेतीचें थोडें ज्ञान मिळालें पाहिजे. शिक्षक शेतकरी वर्गांतूनहि यावे व त्यांना पोटापुरता पगार मिळावा, असें त्यांचें म्हणणें. मोडीचा आग्रह कां, तें उघड आहे. रोखे मोडींत लिहिले जात. बाळबोध शिकून मूल गोष्ट वाचील; कर्जाचा कागद वाचावयाचा तर मोडीच हवी.

सक्तीच्या शिक्षणाची पुढची कथा मी थोडक्यांत आटोपतों. सयाजीराव गायकवाड यांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांत व १९०६ सालीं सर्व बडोदें संस्थानांत ती सक्ति आणली. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं कोल्हापुरांत आणली. गोपाळ कृष्ण गोखले यांचें १९११ सालचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत पडलें, आणि मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं म्युनिसिपालिट्यांपुरता कायदा झाला. मूल शाळेंत आणण्याची लढाई ही अशी शंभर वर्षें चालली. तेवढ्या काळांत त्याला शाळेंत बसविल्यावर करावयाचें काय, या प्रश्नाकडे थोड्यांनींच पाहिलें. इमारत आली, घंटा आली, हजेरीपत्रक आलें. पण वर्गांत रीत राहिली ती ओसरीवरचीच. मुळाक्षरें, मग बाराखडी, मग जोडाक्षरें. मोडी विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शाळांतून गेली, तरी मोडीच्या काळची ही उतरंड गेली नाहीं.

या उतरंडीचा हिशेब एकदां करून पाहण्यासारखा आहे. मराठींत चौतीस व्यंजनें. प्रत्येकाचीं बारा रूपें. म्हणजे चारशें आठ खुणा. त्यांतली वेलांटी ऱ्हस्व असली तर उच्चारांत व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधीं काढावी लागते. त्यानंतर जोडाक्षरें, एकट्या 'र'चीं सोंगें पाहावीं तर 'अर्क', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'तऱ्हा' या चार शब्दांत तो चार वेषांत दिसतो. सहा वर्षांच्या मुलानें हें सर्व क्रमानें संपवावें आणि मग वाचावयास लागावें, अशी अपेक्षा. तोंवर वाचावयास द्यावयाचें काय? काना, मात्रा, वेलांटी नसलेलीं वाक्यें. ज्यांच्या घरीं जुनीं अंकलिपीं आहेत त्यांनीं तीं काढून पाहावीं. त्यांत कोणी तरी सतत कांहीं तरी बघतो, धरतो, करतो, किंवा दुसऱ्याला तसें करण्याची आज्ञा देतो. त्यापलीकडे बिनमात्रेच्या मराठींत माणसाला फारसें कांहीं करतांच येत नाहीं. घरीं आजीकडून राजाराणीच्या गोष्टी ऐकणारें मूल शाळेंत येऊन असल्या वाक्यावर बोट ठेवतें, आणि वाचन म्हणजे हेंच, असा त्याचा ग्रह होतो. तो ग्रह पुढें जन्मभर टिकतो.

ही उतरंड मोडून पाहण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांत झाले, आणि त्यांतला एक मोठा प्रयत्न आपल्या याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाला. १९०७ सालीं रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं बालगृह उघडलें. त्यांनीं खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून मुलांना त्यांवर बोट फिरवावयास दिलें, व मूल आधीं लिहूं लागतें आणि मग वाचूं लागतें असें आपल्या निरीक्षणावरून सांगितलें. आमच्या पंतोजीनें हें ऐकलें असतें तर तो हंसला असता! पण दोहोंतला भेद मोठा आहे. पंतोजीचें मूल रेघ गिरवी. रोममधलें मूल बोट फिरवितांना अक्षराचा ध्वनि उच्चारी, आणि दहाबारा ध्वनि हातीं आले कीं सुटीं अक्षरें मांडून आपल्या मनांतला शब्द जुळवी. कित्ता समोर नसे.

ताराबाई मोडक यांनीं हा विचार भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करतांना आत्मसात् केला. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ सालीं दादरला शिशुविहार सुरू झाला. तेथवर हें शिक्षण पांढरपेशा घरांचें होतें, आणि त्याचीं साधनें महाग होतीं. १९४५ सालीं ताराबाई बोर्डीस गेल्या, तेथें अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, व १९५७ सालीं दोघींनीं आपलें काम कोसबाडच्या टेकडीवर नेलें. ती टेकडी त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांत होती. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यांत मोडतो. तेथें मुलें वारल्यांचीं. माँटेसोरींचे लांकडी ठोकळे व मणी परवडणारे नव्हते; त्यांच्या जागीं पानें, बिया, शिंपले व खडे आले. गुरें राखावयास जाणारीं मुलें शाळेंत येत नाहींत म्हटल्यावर शाळाच कुरणावर गेली. या दोघींचें कौतुक पुष्कळांनीं केलें, सरकारनें पदव्याहि दिल्या. पण त्यांच्या कामाचा गाभा पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानापर्यंत पोंचावयास फार वेळ लागला.

दुसरा प्रयत्न फलटणचा. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेंतून आलेल्या विदुषी. फलटणच्या लोकांच्या बोलण्यांत जातीपरत्वें व शिक्षणपरत्वें काय काय फरक पडतो यावर त्यांनीं भाषाशास्त्राचा प्रबंध लिहिला, पुढें त्या भारताच्या नागरिक झाल्या, आणि १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं तेथें शाळा उभी केली. त्यांची वाचन शिकविण्याची रीत थोडक्यांत अशी: 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत रांगेनें न जातां थोडींच अक्षरें व एकदोन स्वरचिन्हें एकत्र घ्यावयाचीं, त्यांतून लगेच खरे शब्द व लहान वाक्यें करावयाचीं, शिवाय रोज गोष्ट वाचून दाखवावयाची, आणि मुलानें स्वतःचें कांहीं सांगावें व लिहावें. काना पहिल्याच आठवड्यांत हातीं आला तर 'मामा' येतो, 'काका' येतो, आणि वाक्यांत माणसें वावरूं लागतात. अक्षरें नीट शिकवावयाचीं कीं अर्थाकडे लक्ष द्यावयाचें, असा जो वाद शिक्षणशास्त्री घालीत बसतात, तो या पद्धतींत निकालांत निघतो. दोन्ही एकाच तासांत होतें.

बोलीच्या ज्या प्रश्नानें बर्नसनबाईंच्या अभ्यासाला आरंभ झाला तो प्रश्न आपल्या खाडीकांठीं ठळकपणें दिसतो. आगरी बोलींत 'ळ'च्या जागीं 'ल' व 'ण'च्या जागीं 'न' येतो, आणि दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'र' होतो. गाडी ती 'गारी', होडी ती 'होरी', खाडी ती 'खारी'. आतां असें समजा कीं दिवाळें किंवा सारसोळें गांवचें एक मूल पाठ्यपुस्तकांतला 'होडी' हा शब्द पाहतें आणि 'होरी' असें वाचतें. त्यानें चूक केली काय? जुना पंतोजी म्हणेल, केली; आणि पुष्कळ आधुनिक वर्गांतहि त्याला थांबवून तो शब्द पांच वेळां म्हणावयास लावतात. वस्तुतः त्या मुलानें वाचनांतली सर्वांत अवघड गोष्ट साधलेली असते. अक्षरें पाहून त्याला वस्तु दिसली, आणि त्या वस्तूला तें आपल्या घरीं जें म्हणतें तें म्हणालें. उलट 'हो-डी, हो-डी' असें शुद्ध ओरडणाऱ्या मुलाला होडी दिसली कीं नाहीं हें कोणी सांगावें? लिहितांना मात्र गोष्ट निराळी. तेथें 'होरी' लिहून चालणार नाहीं, कारण तो कागद अलीबागेंत व नागपुरांतहि वाचला जावयाचा आहे. म्हणजे वाचतांना 'र' ऐकून घ्यावयाचा व लिहितांना 'ड' शिकवावयाचा, असा दुहेरी विवेक शिक्षिकेला करावा लागतो, आणि तो पुस्तकांत कोठें छापलेला नसतो.

नव्या शहरानें हा विवेक आणखी कठीण केला आहे. नवी मुंबई महानगरपालिका १९९२ च्या १ जानेवारीस अस्तित्वांत आली. तिच्या शाळा आज मराठी, हिंदी, उर्दू व इंग्रजी या माध्यमांच्या आहेत. मराठी शाळेच्या एकाच बांकावर आगरी मुलगी, साताऱ्याकडून तुर्भ्याच्या बाजारांत आलेल्या माथाडी कामगाराचा मुलगा आणि मराठवाड्यांतून इमारतींच्या कामावर आलेल्या मजुराचें मूल अशीं शेजारीं बसूं शकतात. तिघांची मराठी तीन तऱ्हेची, पुस्तकाची चवथ्या तऱ्हेची. शिवाय ज्या घरांत पूर्वीं मराठी शाळेवांचून दुसरा विचार नव्हता त्यांतलींहि कित्येक मुलें आतां इंग्रजी शाळेंत जातात, आणि तेथें तीं अगदीं नव्या अक्षरांवर नवी भाषा गिरवितात. तो आणखी एका भाषणाचा विषय आहे.

'असर' नांवाची ग्रामीण भागाची पाहणी २००५ सालीं सुरू झाली. तिची मुख्य कसोटी साधी आहे: दुसरीच्या पातळीचा एक लहानसा उतारा मुलाला वाचतां येतो कीं नाहीं. पांचवींतल्या पुष्कळ मुलांना तो येत नाहीं, हें या पाहणींत वारंवार दिसून आलें. पालघर जिल्ह्यांतील वाडें तालुका व कर्नाटकांतील यादगीर जिल्हा येथील मुलांचा कांहीं वर्षें मागोवा घेऊन २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानें या नापासीचें कारण वर्गांत शोधलें. तेथें वेळ जातो तो मुख्यतः अक्षरें घोकण्यांत व फळ्यावरचें वहींत उतरविण्यांत, असें त्यांत आढळलें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं 'निपुण भारत' हा कार्यक्रम जाहीर करतांना तिसरीपर्यंत मुलानें समजून वाचावें असें ध्येय लिहून ठेविलें. 'समजून' हा शब्द सरकारी कागदावर यावयास धूळपाटीपासून मोजलें तर दोनशें वर्षें लागलीं.

तो शब्द वर्गांत उतरविण्याचें गणित मात्र अजून जुन्या पंतोजीच्या बाजूचें आहे. २०१० पासून अंमलांत असलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्राथमिक शाळेंत तीस मुलांमागें एक शिक्षक धरला आहे. समजा, वाशीच्या किंवा घणसोलीच्या पहिलीच्या वर्गांत तीसच मुलें आहेत व भाषेसाठीं रोज सबंध दोन तास मिळतात. प्रत्येक मुलाजवळ बसून तें काय वाचतें आणि त्याला त्यांत काय दिसतें हें ऐकावयाचें ठरविलें तर एकाच्या वांट्याला चार मिनिटें येतात. ओसरीवर इयत्ता नसल्यामुळें प्रत्येक मूल आपली पाटी घेऊन एकटेंच पंतोजीसमोर बसे, आणि त्याचें अक्षर होईपर्यंत पंतोजी त्याच्याकडे पाहत असे.